पेन्सिलीला पितळेची चमक येते कशी?

नागपूरच्या जुन्या घरांत माळ्यावर एखादा पितळी गुंड हमखास सापडतो. बहुधा भंडाऱ्याकडचा, पोचे पडलेला. इतवारीत मोडीच्या भावानं देऊन टाकण्याआधी तो एकदा तरी पेन्सिलीनं काढून पाहावा. चित्र हुबेहूब जमलं, तर कागदावर पिवळा रंग टिपूसभर नसतानाही बघणारा म्हणतो, ‘पितळेचा आहे ना?’

मेंदू धातू ओळखतो तो उजेडाच्या वागण्यावरून. माठाच्या खरखरीत अंगावर उजेड चहूकडे विखुरतो, त्यामुळे सावली हळूहळू गडद होत जाते. घासलेल्या पितळेत मात्र खिडकीचं लख्ख प्रतिबिंब आणि त्याला खेटूनच कोपऱ्यातला अंधार दिसतो. ही सीमा बोटानं पुसून मऊ केली, की पितळेची माती झालीच! चित्रातली चकाकी म्हणजे पेन्सिल न लागलेला कोरा कागद. शेजारचा पट्टा जितका काळा, तितका तो पांढरा भासतो, कारण डोळा छटा नुसती मोजत नाही, शेजारच्या छटेशी ताडून पाहतो. ‘एमआयटी’च्या एडवर्ड अडेल्सन यांनी १९९५ मध्ये काढलेल्या पटाच्या चित्रात सावलीतलं पांढरं घर आणि उजेडातलं काळं घर यांची करडी छटा तंतोतंत एकच आहे. हे ठाऊक असूनही ती दोन्ही वेगळीच दिसतात.

खरी कसोटी काळ्या भागात लागते. पेन्सिलीची कांडी ग्राफाइट आणि चिकणमाती भाजून बनते. फ्रान्सच्या निकोला-जाक काँते यांनी १७९५ मध्ये या कृतीचं पेटंट घेतलं. माती जास्त तर कडक ‘एच’, कमी तर मऊ ‘बी’. ग्राफाइटमधले कार्बनचे थर एकमेकांना सैल धरून असतात, म्हणून ते घासताच सुटतात आणि कागदाच्या तंतूंत अडकतात. पण ‘६ बी’ दाबून गिरवली, की हे चपटे कण कागदावर आडवे निजतात आणि स्वतःच चकाकतात. काळं हवं तिथे रुपेरी दिसू लागतं. त्यापेक्षा हलक्या हातानं थरावर थर चढवावेत.

वय दाखवतात ते ओरखडे आणि पोचे. वर्षानुवर्षं गोल घासल्यानं पडलेल्या आडव्या ओरखड्यांवर चकाकी उभी ताणली जाते, तिच्या कडा धूसर होतात. पोचा तर अंतर्गोल आरसाच. फुगीर पोटावरची चकाकी खिडकीच्या बाजूला असते, पोच्यातली विरुद्ध बाजूला. ही बाजू चुकली, तर खोलगट पोचा टेंगूळ होऊन बाहेर येतो.