रानडुकरांनी पीक खाल्लं तर काय करावे?

नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरकडे मोठे जंगल आहे. लातूर जिल्ह्यात जंगल फार थोडे. तरीपण रानडुकरं, हरणं आणि रोही दोन्हीकडे शेतात शिरतात. एका रात्रीत ज्वारी आडवी होते, सोयाबीन तुडवलं जातं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे या प्राण्यांना परवानगीशिवाय मारता येत नाही. म्हणून पिकाची नुकसानभरपाई वन खाते देते. त्याची रीत अशी:

१) नुकसान झाल्यापासून ३ दिवसांच्या आत जवळच्या वन कार्यालयात अर्ज द्यावा. उशीर केला की पावसानं खुरांचे ठसे पुसतात, मग पुरावा काय दाखवणार?

२) अर्जाबरोबर सातबारा द्यावा.

३) वन, महसूल व कृषी खात्याची माणसे येऊन पंचनामा करतात. कोणता प्राणी आला, किती पीक गेलं, हे ते लिहून घेतात. तोवर मोडलेलं पीक तसंच ठेवावे.

४) बिबट्याने गाय-बैल मारल्यास ४८ तासांत कळवावे. मेलेले जनावर जागचे हलवू नये.

कुंपणाच्या तारेत वीज मात्र कधीही सोडू नये. अंधारात त्या तारेला डुकराऐवजी घरचाच माणूस चिकटतो. भरपाईचे पैसे मिळतील, माणूस परत मिळणार नाही.

ज्यांच्या घरी लिहिता येणारे कोणी नाही, त्यांचा अर्ज आपण मुलांनी लिहून द्यावा. तारीख घालायला विसरू नये!