घरगुती सागरी मत्स्यालयातील जलद वाढणारे मृदू प्रवाळ : ओळख आणि नियंत्रण

प्रस्तावना :

गोव्याच्या किनाऱ्याजवळील ग्रँड बेटाच्या परिसरात 'कॅरिजोआ रीसी' हे मृदू प्रवाळ आढळल्याचे टिपण 'करंट सायन्स' या नियतकालिकात २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. हे परकीय जातीचे आक्रमण म्हणावे, की मूळच्याच जातीचे पुन्हा प्रकट होणे, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच विचारलेला होता. प्रश्न रास्त होता. हवाई बेटांवर हेच प्रवाळ १९७२ मध्ये नोंदले गेले, तेव्हा ते कॅरिबियन समुद्रातून आले असावे असे मानले गेले. २०१० मधील जनुकीय अभ्यासाने मात्र ते हिंद-प्रशांत वंशाचे असल्याचे दाखविले. तज्ज्ञांचीही जेथे अशी फसगत होते, तेथे हौशी मत्स्यपालकाने केवळ रंगावरून नाव ठरविणे धोक्याचे आहे. ओळख चुकली की उपायही चुकतो.

ओळख :

प्रथम शुंडके मोजावीत. खऱ्या मृदू प्रवाळाच्या प्रत्येक पॉलिपला नेमकी आठ शुंडके असतात आणि प्रत्येक शुंडकाला पिसाप्रमाणे दोन्ही बाजूंनी बारीक उपशाखा असतात. गुंडीसारख्या दिसणाऱ्या पॉलिपच्या कडेला साध्या, गुळगुळीत शुंडकांच्या दोन रांगा असतील, तर तो झोअँथिड होय. हा भेद केवळ वर्गीकरणापुरता नाही. झोअँथिडांपैकी 'पॅलिथोआ'च्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष असते, आणि असे खडक उकळताना निघालेल्या वाफेमुळे संपूर्ण कुटुंब रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना परदेशांत घडल्या आहेत.

आठ शुंडके निश्चित झाल्यावर वाढीची पद्धत पाहावी. 'झेनिया'चे पॉलिप मांसल देठाच्या टोकाशी असतात, ते देठात पूर्णपणे ओढले जात नाहीत, आणि अनेक जातींत शुंडकांची लयबद्ध उघडझाप चालते. (झेनियाच्याच कुळातील 'हेटरोझेनिया'मध्ये या हालचालीमुळे ऊतींतील जादा ऑक्सिजन वाहून जातो व सहजीवी शैवालांचे प्रकाशसंश्लेषण वाढते, असे २०१३ मध्ये दाखविण्यात आले.) 'ब्रायरियम' जांभळ्या साईसारखा खडकावर आणि काचेवरही पसरतो, त्याचे हिरवे पॉलिप स्पर्श होताच पूर्ण आत जातात. 'कॅप्नेला' झुडपासारखा असून त्याच्या गळून पडलेल्या फांद्या जेथे टेकतील तेथे रुजतात. जातीपर्यंत निश्चिती हवी असल्यास ऊतीचा लहान तुकडा सोडियम हायपोक्लोराइटमध्ये विरघळवून उरलेल्या चुनखडी कंटिका सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्या लागतात. महाविद्यालयीन प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत हे सहज शक्य आहे. झेनियाच्या कंटिका मात्र इतक्या सूक्ष्म असतात की त्यांच्या अंतिम निश्चितीसाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

नियंत्रण :

ब्रायरियम सलग पृष्ठभागावरून सरकतो, म्हणून त्याचा खडक मुख्य रचनेपासून दूर, मोकळ्या वाळूत ठेवावा. काचेवर आलेली साय बोथट पात्याने सोलून काढता येते. झेनियाला हा उपाय पुरत नाही, कारण त्याचे सुटे तुकडे प्रवाहाबरोबर जाऊन अन्यत्र चिकटतात. तो ब्रशाने घासणे म्हणजे पेरणी करणेच होय. बाधित खडकच बाहेर काढावा. ते शक्य नसल्यास पंप बंद ठेवून देठ मुळाशी कापावा आणि त्याच वेळी नळीने तुकडे शोषून घ्यावेत. कापलेल्या मृदू प्रवाळांतून टर्पिनॉइडसारखी रसायने पाण्यात उतरून शेजारच्या अश्मप्रवाळांना इजा करू शकतात. त्यामुळे नंतर सक्रिय कोळसा वापरून काही पाणी बदलावे. जादा खाद्यामुळे साचलेले नायट्रेट व फॉस्फेट कमी केल्यास वाढ मंदावते, परंतु ही घट हळूहळू करावी.

विल्हेवाट :

खरा धोका टाकीबाहेर आहे. 'युनोमिया स्टोलोनिफेरा' हे झेनियाच्याच कुळातील हिंद-प्रशांत प्रवाळ मत्स्यालय-व्यापारासाठी आणून व्हेनेझुएलाच्या समुद्रात सोडले गेले असे मानले जाते. मोचिमा परिसरात त्याने स्थानिक प्रवाळ व सागरी गवत झाकून टाकले. मालवणची खडकाळ किनारपट्टी अशा पाहुण्यापासून सुरक्षित आहे असे मानण्यास काहीही आधार नाही. भारतात २००१ मध्ये सर्व अश्मप्रवाळ, काळी प्रवाळे आणि समुद्रपंखे वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आली. आक्रमक परकीय जातींची आयात, व्यापार, बाळगणे व प्रसार यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला तो २०२२ च्या दुरुस्तीतील कलम ६२-अ नुसार.

काढलेले तुकडे हातमोजे घालून गोड्या पाण्यात बुडवावेत, उन्हात कडक वाळवावेत आणि मगच पुरावेत. खाडीत किंवा समुद्रात ते कदापि टाकू नयेत. पोहरादेवीसारख्या (जि. वाशीम) समुद्रापासून दूरच्या ठिकाणी प्रवाळ निसटण्याची भीती नाही, तेथे प्रश्न पाण्याचा आहे. एका लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार या हिशेबाने २०० लिटरच्या टाकीतील दहा टक्के पाणी बदलताना प्रत्येक वेळी सुमारे ७०० ग्रॅम क्षार बाहेर पडतात. ते परसबागेत किंवा शेतात ओतल्यास काळ्या जमिनीत सोडियम साचून तिची घडण बिघडते. हे पाणी पसरट भांड्यात उन्हात आटवावे व उरलेले क्षार मातीत न मिसळता वेगळे काढावेत. विदर्भाच्या उन्हाळ्यात त्याला फार दिवस लागत नाहीत.