मोलची कल्पना : डझनापासून खताच्या पोत्यापर्यंत

पाण्याचे रेणुसूत्र विचारले असता वर्गातील बहुतेक मुले ‘एच टू ओ’ असे तत्काळ सांगतात. परंतु सूत्रातील ‘दोन’ या आकड्याचा अर्थ विचारताच काही गप्प बसतात, तर काही ‘हायड्रोजन दोन ग्रॅम आणि ऑक्सिजन एक ग्रॅम’ असे उत्तर देतात. सूत्र पाठ असूनही त्याचा अर्थ निसटतो, तो येथेच. सूत्र अणूंची संख्या सांगते. वजन सांगत नाही. हा भेद वरच्या प्राथमिक वर्गांतच स्पष्ट झाला, तर पुढे माध्यमिक शाळेत ‘मोल’ या शब्दाने विद्यार्थी बिचकत नाही.

बाजारातील उदाहरणाने हा भेद सहज उमगतो. एक डझन लिंबे आणि एक डझन नारळ यांची संख्या सारखीच, बारा. वजनात मात्र पुष्कळ अंतर. ‘मोल’ हाही डझनासारखा संख्यावाचक शब्द होय. अणू अतिसूक्ष्म असल्याने त्यांचा ‘डझन’ फार मोठा घ्यावा लागतो, इतकेच. ६०२ या आकड्यापुढे एकवीस शून्ये मांडली असता जी संख्या होते, जवळजवळ तितके कण एका मोलमध्ये असतात. आमेदेओ अॅव्होगाद्रो या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावाने ती संख्या ओळखली जाते.

इतके कण मोजावयाचे कसे? एका खिळ्याचे वजन ठाऊक असले, म्हणजे दुकानदार हजार खिळे मोजीत बसत नाही, तोलून देतो. रसायनशास्त्राची रीत हीच आहे. स्थूलमानाने हायड्रोजनचे अणुवस्तुमान १, कार्बनचे १२, नायट्रोजनचे १४, ऑक्सिजनचे १६ आणि गंधकाचे ३२ आहे. सूत्रातील सर्व अणूंची वस्तुमाने मिळविली की रेणुवस्तुमान मिळते. तितके ग्रॅम पदार्थ म्हणजे एक मोल. पाण्याचे रेणुवस्तुमान २ + १६ = १८. म्हणून १८ ग्रॅम पाणी एक मोल, तर ९० ग्रॅम पाणी ९० ÷ १८ = ५ मोल होय. त्यात हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या वजनाचे प्रमाण २ : १६, म्हणजे १ : ८ येते. मुलांचे आरंभीचे उत्तर येथे आपोआप दुरुस्त होते.

मोल कशाचा, हे सांगण्यास मात्र विसरू नये. ऑक्सिजनच्या अणूंचा मोल १६ ग्रॅमचा, तर रेणूंचा ३२ ग्रॅमचा असतो. कारण त्या वायूच्या रेणूत दोन अणू असतात.

शेतकऱ्याच्या मुलास या गणिताचा खरा उपयोग खताच्या पोत्यावर दिसतो. युरियाच्या रेणूत कार्बनचा एक, ऑक्सिजनचा एक, नायट्रोजनचे दोन आणि हायड्रोजनचे चार अणू असतात. बेरीज १२ + १६ + २८ + ४ = ६०. पैकी नायट्रोजन २८. म्हणजे शेकडा सुमारे ४६.७. पोत्यावर छापलेला ४६ हा आकडा याच हिशेबाशी जुळतो. खतात थोडा ओलावा व इतर द्रव्ये असल्याने तो किंचित कमी असतो. अमोनियम सल्फेटच्या सूत्रातही नायट्रोजनचे अणू दोनच. पण हायड्रोजनचे आठ, गंधकाचा एक आणि ऑक्सिजनचे चार मिळून बेरीज १३२ होते. तेथे नायट्रोजन शेकडा सुमारे २१ भरतो. पिकास १० किलो नायट्रोजन द्यावयाचा असल्यास शुद्ध युरिया सुमारे २१.४ किलो, तर अमोनियम सल्फेट सुमारे ४७.१ किलो लागेल. दोन्ही खते सारख्याच वजनाने टाकणारा एकतर पिकास उपाशी ठेवतो, नाहीतर पैसा व जमीन दोन्ही नासतो.

वर्गात प्रथम डझनाचे उदाहरण, नंतर पाण्याचे सूत्र आणि शेवटी खताचे रिकामे, स्वच्छ धुतलेले पोते, असा क्रम ठेवावा. आकडेमोड त्रैराशिकापलीकडे जात नाही. पोत्यावरील आकडा मुलाने स्वतः काढून पडताळला, की सूत्र पाठ करण्याची वस्तू उरत नाही. घरच्या शेतीचा हिशेब होते.