कमरेवरचं ओझं : रोजच्या कामासाठी पिस्तूल निवडताना

मराठीत पिस्तुलाविषयी जे लिहिलं जातं, ते बहुतेक रहस्यकथेत किंवा गुन्हेवृत्तात. दोन्हीकडे पिस्तूल चालतं. प्रत्यक्षात पोलिसाच्या कमरेवरचं पिस्तूल वर्षानुवर्षं चालत नाही. ते फक्त वागवलं जातं. उन्हात, पावसात, जीपच्या सीटवर, ठाण्यातल्या खुर्चीत, जत्रेच्या बंदोबस्तात. म्हणून रोज वागवायचं पिस्तूल कोणतं असावं, हा प्रश्न नेमबाजीच्या प्रश्नापेक्षा वेगळा आहे. या लेखात मी त्याचाच विचार केला आहे.

मी राहतो तो मुलूख या विचाराला सोयीचा आहे. दौंड आणि शिरूर हे पुणे जिल्ह्यातले शेजारी तालुके, मध्ये भीमा. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक ५ आणि ७ आहेत, जवळच नानवीजचं प्रशिक्षण केंद्र आहे. खाकी गणवेश इथल्या बाजारपेठेत रोजचाच. शिरूर, म्हणजे जुन्या लोकांची घोडनदी, ही इंग्रजांची लष्करी छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी इथूनच कोरेगावच्या दिशेने निघाली. त्या काळातल्या घोडेस्वाराचं पिस्तूल गारेच्या ठिणगीवर उडणारं आणि एकबारी असे. ते खोगिराला लावलेल्या म्यानात राही. ओझं घोडा वाहत होता. पिस्तूल माणसाच्या कमरेवर आलं आणि निवडीचा खरा प्रश्न सुरू झाला.

आपल्याकडच्या फौजदाराच्या कमरेला अनेक वर्षं रिव्हॉल्व्हर होतं, वेब्लीच्या घराण्यातलं, सहा गोळ्यांचं. आज ते जुनाट वाटतं, पण त्याचा एक गुण मोलाचा होता : त्यात लपवाछपवी नव्हती. मधून उघडलं की सहाही घरं डोळ्यांसमोर. भरलं आहे की रिकामं, हे पोरालाही कळावं. वेगळा सुरक्षा-खटका नाही. चाप लांब आणि जड, त्यामुळे धक्क्याने किंवा घाबरून बार उडण्याची शक्यता कमी. तोटे उघड होते. गोळ्या सहाच, त्या पुन्हा भरायला वेळ लागे, आणि जड चापामुळे नेम हलत असे.

त्यानंतर आलं ९ मिलिमीटरचं पिस्तूल. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात तयार होणारं ‘पिस्तूल ऑटो ९ मिमी १ए’ हे मूळ ब्राऊनिंग हाय-पॉवरचं भारतीय रूप. जॉन ब्राऊनिंग १९२६मध्ये वारला. त्याचं अपुरं काम बेल्जियममध्ये द्यूदोने सेव्ह या अभियंत्याने पुरं केलं आणि १९३५मध्ये पिस्तूल बाजारात आलं. मॅगझिनमध्ये १३ गोळ्या, पोलादी बांधा, हातात घट्ट बसणारी मूठ. मात्र याचा घोडा आधी मागे ओढलेला असावा लागतो. नुसता चाप दाबून पहिला बार होत नाही.

इथे तीन पर्याय उरतात. नळी रिकामी ठेवायची आणि गरज पडली की स्लाइड ओढायची. त्याला दोन्ही हात लागतात. रात्री नदीपात्रात वाळूच्या कारवाईला गेलेल्या अंमलदाराच्या एका हातात बॅटरी असते, किंवा कुणाची तरी कॉलर. दुसरा पर्याय, नळीत गोळी ठेवून घोडा अंगठ्याने हळूच खाली सोडायचा. अंगठा सटकला तर बार झालाच. तिसरा, घोडा चढवून सुरक्षा-खटका लावायचा. यंत्राच्या दृष्टीने हा पर्याय योग्य; पण चढलेला घोडा कमरेला दिसला की साहेबांपासून शिपायापर्यंत सर्वांनाच अस्वस्थ वाटतं. त्यामुळे पहिलाच पर्याय रूढ होतो. तो सुरक्षित आहे, पण त्याची किंमत अडचणीच्या वेळी दुसऱ्या हाताने मोजावी लागते.

ग्लॉकने हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला. गॅस्टन ग्लॉक हा ऑस्ट्रियातला कारखानदार. त्याने आधी पिस्तूल बनवलं नव्हतं, पडद्याच्या दांड्या आणि सुऱ्या बनवल्या होत्या. १९८२मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने त्याचं पिस्तूल स्वीकारलं. सांगाडा पॉलिमरचा, गोळ्या १७, बाहेर घोडा नाही, अंगठ्याचा खटकाही नाही. सुरक्षेची योजना आतच, आणि एक छोटी पट्टी चापावर. बोट चापावर नीट पडेपर्यंत बार होत नाही; पडलं की दरवेळी चाप सारखाच लागतो. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर पोलिसांच्या शस्त्रांची चर्चा घरोघरी झाली, फोर्स वनसारखं दल उभं राहिलं, आणि ग्लॉक हे नाव सामान्य वाचकालाही कळलं.

मग ग्लॉकच घ्यावं, असं कुणी म्हणेल. इथेच थांबून पाहायला हवं, कारण धोका यंत्रात नसून सवयीत असतो. मूळ ब्राऊनिंगमध्ये मॅगझिन काढलं की चाप चालत नाही. अनेक वर्षं तेच वागवलेल्या हाताला वाटू लागतं, मॅगझिन निघालं म्हणजे पिस्तूल निर्धोक झालं. ग्लॉकचं मॅगझिन काढलं तरी नळीतली गोळी उडते. त्यात भर म्हणजे ग्लॉक साफसफाईसाठी उघडताना चाप दाबावाच लागतो. नळी तपासण्याची शिस्त नसेल, तर शस्त्रागाराच्या टेबलावर, समोर सहकारी बसलेला असताना बार होतो. एका पिस्तुलावरून दुसऱ्यावर जाणं म्हणजे हाताला नवी लिपी शिकवणं. एकाच ठाण्यात दोन्ही प्रकार फिरत असतील, तर ती लिपी कधीच पक्की होत नाही.

वजनाचंही बोलू. रिकामं ब्राऊनिंग किलोच्या आसपास, रिकामं ग्लॉक १७ सुमारे सव्वासहाशे ग्रॅम. ९ मिलिमीटरचं एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचं, त्यामुळे भरल्यावरही फरक बराच उरतो. बारा तासांच्या बंदोबस्तात हा फरक कंबर आणि पाठ सांगते. जड शस्त्र माणूस नकळत पट्ट्यावरून सरकवतो, जीपच्या कप्प्यात ठेवतो, आणि हाताशी नसलेलं शस्त्र चोरीला जातं किंवा भलत्याच हाती लागतं. मुठीचा घेर हाही तितकाच महत्त्वाचा. राज्याच्या पोलीस भरतीत महिलांसाठी ३० टक्के आरक्षण आहे. दोन ओळींत गोळ्या भरलेल्या मॅगझिनची जाड मूठ लहान पंजात बसत नाही, बोट चापापर्यंत तिरकं पोहोचतं. ग्लॉकच्या २०१०नंतरच्या पिढ्यांत मुठीची मागची पट्टी बदलता येते. निवड समितीने सर्वांत लहान पंजा समोर ठेवून पिस्तूल तपासावं, असं मला वाटतं.

होल्स्टरला आपण म्यान समजतो. खरं तर तो सुरक्षेचाच भाग आहे. अंगठ्याचा खटका नसलेल्या पिस्तुलाचा चाप होल्स्टरने पूर्ण झाकलाच पाहिजे. महागडं पिस्तूल आणि सैल पडलेला चामडी पट्टा ही जोडी जुन्या रिव्हॉल्व्हरपेक्षा धोक्याची.

गोळीचा विचार तर क्वचितच होतो. पुण्याजवळ खडकीला १८६९पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. तिथल्या काडतुसांच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरं असतात. तांब्याच्या मिश्रधातूचं पूर्ण वेष्टण असलेली लष्करी गोळी शरीर भेदून पलीकडे जाऊ शकते. दौंड जंक्शनच्या फलाटावर पलीकडे काय असतं, हे सांगायला नको. आघाताने पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायला १८९९च्या हेग जाहीरनाम्याने मनाई केली. त्यांचं ‘दमदम’ हे नाव कोलकात्याजवळच्या आपल्याच कारखान्यावरून पडलं. ती मनाई युद्धापुरती आहे, म्हणून अनेक देशांचे पोलीस आज तशा गोळ्या वापरतात. जखम अधिक क्रूर, पण मागे उभ्या असलेल्या माणसाला धोका कमी. हा हिशेब नैतिक आहे आणि तो कारखान्याने नव्हे, समाजाने करायचा आहे.

शेवटचा मुद्दा चांदमारीचा. पिस्तुलाची किंमत एकदाच मोजावी लागते, सरावाच्या गोळ्यांची दरवर्षी. खरेदीचा फोटो वर्तमानपत्रात येतो, सरावाचा येत नाही. दोन पिस्तुलांत फारसा फरक नसेल, तर स्वस्त घ्यावं आणि उरलेल्या पैशांत गोळ्या आणि होल्स्टर घ्यावेत. एका ठाण्याला एकच प्रकार द्यावा आणि प्रकार बदलला, तर नवं प्रशिक्षण पुरं होईपर्यंत ते कमरेला लावू देऊ नये.

आपला कायदा अटक करताना बळ वापरू देतो. पण ज्याच्यावर मृत्युदंडाच्या किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा जीव घेण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. म्हणजे पोलिसाचं पिस्तूल बहुतांश न उडण्यासाठीच दिलेलं असतं. त्याची निवडही त्याच कसोटीवर व्हावी : नको तेव्हा उडणार नाही, हवं तेव्हा अडणार नाही, आणि संध्याकाळी शस्त्रागारात परत जाईपर्यंत वागवणाऱ्याला त्याचा विसर पडणार नाही.