चैत्रातले पन्हे

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला इंदूरच्या जुन्या मराठी घरांतून आंब्याच्या डाळीबरोबर पन्हे असतेच. अलीकडे काही ठिकाणी बाटलीतला पाक पाण्यात मिसळून वेळ साधली जाते. परंतु असा पाक टिकतो तो मुख्यत्वे साखरेच्या बळावर. कैरीचे सत्त्व तिच्या ‘क’ जीवनसत्त्वात आहे. ते उष्णतेने नाश पावते व पाण्यात विरघळते. यास्तव कैऱ्या उकडल्यास ते पाणी फेकू नये, वाफवलेल्या बऱ्या. कच्ची कैरी किसून केलेले पन्हे तर त्याहून सरस. गूळ बेताचा असावा, मधुमेह्यांसाठी तर नाममात्रच. चिमूटभर मिठाने घामावाटे गेलेला क्षार काही अंशी भरून निघतो. वर वेलदोड्याची पूड घालून पन्हे त्याच दिवशी संपवावे. यंदा ते मुलामुलींच्या हातून करवून घ्यावे. कृती हातात बसली, तरच पुढच्या चैत्रातही पन्हे घरचे राहील.