मोटारींच्या शहरांतील मळे

डेट्रॉइट हें नांव कानीं पडतांच आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें मोटारगाडी उभी राहते. १९१३ सालीं हेन्री फोर्ड यांच्या हायलंड पार्क येथील कारखान्यांत सरकत्या पट्ट्यावर मोटारी जोडण्याची पद्धत सुरू झाली. दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं कामगारांस दिवसाला पांच डॉलर देऊं केले, आणि मिशिगन संस्थानांतील या नगराकडे देशोदेशींचीं माणसें धांवत सुटलीं. १९५० च्या शिरगणतींत तेथें १८,४९,५६८ लोक होते. २०२० च्या शिरगणतींत ते ६,३९,१११ भरले. म्हणजे तिघांतले दोघे निघून गेले आणि जमीन मात्र जेथल्या तेथें राहिली. या जमिनीवर, श्रोतेहो, २०२३ च्या शरद् ऋतूंत मीं पांच आठवडे खुरपें चालविलें. बिनपगारी मदतनीस म्हणून गेलों होतों. राहण्याजेवण्याचा खर्च माझा मीच करीत असें. माझ्या खुरप्याची थोरवी सांगण्यासारखी नाहीं. पण त्या निमित्तानें जें पाहिलें व समजून घेतलें तें सांगण्याजोगें आहे.

शहर ओसरलें याचें खापर पुष्कळ लोक १९६७ च्या दंग्यावर फोडतात. त्या दंग्यांत ४३ माणसें मेलीं हें खरें. परंतु ओहोटी त्यापूर्वींच लागली होती. पॅकार्ड मोटारींचा प्रचंड कारखाना १९५६ सालींच थंडावला. इतर कारखानदार उपनगरांत व दक्षिणेकडील संस्थानांत स्वस्त जागा शोधूं लागले. त्यांच्या पाठोपाठ गोरे रहिवासी निघाले. काळ्या कामगारांना उपनगरांत घर मिळूं नये अशी व्यवस्था करारपत्रांतून व कर्जाच्या नियमांतून आधींच झालेली होती. त्यांची ब्लॅक बॉटम नांवाची जुनी वस्ती पाडून तिच्यावरून मोटारींचा राजमार्ग नेला. मोटारीनें वसविलेलें शहर मोटारीच्याच रस्त्यानें रिकामें झालें म्हणा ना! कर देणारे गेले, दिवे आणि नळ सांभाळण्याचा खर्च मात्र तेवढाच उरला. शेवटीं १८ जुलै २०१३ रोजीं नगरपालिकेनें दिवाळखोरीचा अर्ज केला. कर्ज सुमारें १८ अब्ज डॉलरांचें होतें.

मुंबईच्या श्रोत्यांना येथें गिरणगांव आठवेल. १९८२ च्या संपानंतर आपल्याकडेही गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. पण आपल्याकडे गिरणी बंद पडली तेव्हां तिची जमीन सोन्याच्या भावानें गेली व तिच्यावर मनोरे चढले. डेट्रॉइटांत नेमकें उलटें झालें. जमिनीला गिऱ्हाईक उरलें नाहीं. घर ओस पडावें, त्याला आग लागावी, नगरपालिकेनें तें पाडावें आणि तेथें गवत माजावें. एका रस्त्यावर एक नांदतें घर, शेजारीं तीन मोकळ्या जागा, मग पुन्हां एक घर, असा देखावा मैलच्या मैल दिसतो. बाहेरचे छायाचित्रकार पडक्या कारखान्यांचीं चित्रें काढून नेतात व जग म्हणतें कीं तेथें आतां कोणी राहत नाहीं. सहा लाखांहून अधिक माणसें राहत असलेल्या गांवाविषयीं असें बोललेलें तेथल्या लोकांना मुळींच आवडत नाहीं, आणि तें रास्तच आहे.

मोकळ्या जागेंत भाजी लावण्याची कल्पना मात्र तेथें नवी नाहीं. १८९३ च्या मंदींत हजारों लोक बेकार झाले, तेव्हां हेझन पिंग्री नांवाचे नगराध्यक्ष होते. मूळचे हे जोड्यांचे कारखानदार. त्यांनीं १८९४ सालीं गांवांतील पडीक जागा मालकांकडून मागून घेतल्या आणि बेकारांना बटाटे लावावयास दिल्या. बियाण्याला पैसे हवेत म्हणून देणग्या मागितल्या. पुरेशा मिळाल्या नाहींत तेव्हां स्वतःचा आवडता घोडा लिलांवांत काढला. पुष्कळ थट्टा झाली, पण पीक आलें, आणि इतर शहरांनीं तोच कित्ता गिरविला. पुढें १९७० नंतरच्या दशकांत कोलमन यंग या नगराध्यक्षांनीं मोकळे भूखंड लागवडीस देण्याची योजना काढली.

तथापि आजच्या मळ्यांचें खरें मूळ मला नगराध्यक्षांच्या दप्तरांत दिसत नाहीं. अलाबामा, जॉर्जिया, मिसिसिपी या भागांतून जीं काळीं कुटुंबें कारखान्यांत काम शोधीत उत्तरेस आलीं, त्यांच्या वाडवडिलांनीं शेतीच केली होती. कारखान्यांत चाळीस वर्षें घालवूनही त्यांच्या हातांतील तें ज्ञान गेलें नव्हतें. त्यांतील वृद्धांनीं घराशेजारच्या मोकळ्या जागेंत कोलार्ड, भेंडी, चवळी लावली. कोलार्ड ही कोबीच्या जातीची, पण गड्डा न धरणारी पालेभाजी. जाड पानांची, थोडी कडवट. भेंडी पाहून मला घरचें माणूस भेटल्यासारखें वाटलें! जेम्स बॉग्ज आणि त्यांच्या पत्नी ग्रेस ली बॉग्ज यांनीं १९९२ सालीं ‘डेट्रॉइट समर’ ही चळवळ सुरू केली व या वृद्धांशीं तरुणांची गांठ घालून दिली. ग्रेसबाई चिनी आईबापांच्या पोटीं जन्मलेल्या, तत्त्वज्ञानाच्या पदवीधर. २०१५ सालीं वयाच्या शंभराव्या वर्षीं वारल्या. आज शहरांत हजाराहून अधिक लहानमोठ्या बागा व मळे आहेत. रूज पार्क या उद्यानांतील डी-टाउन हा मळा सात एकरांचा आहे; काळ्या समाजाच्या अन्नाचा प्रश्न हातीं घेऊन २००६ सालीं निघालेली संस्था तो चालविते.

आतां शेतीविषयीं. आपल्याला वाटेल, जमीन मोकळी आहे, नांगर घालावा आणि पेरावें. पण ही जमीन म्हणजे पाडलेल्या घरांचें स्मशान होय. घर पाडतांना विटा, खिळे, कांचा तळघरांत लोटून वर चार बोटें माती पसरलेली असते. त्याहून वाईट तें डोळ्यांना न दिसणारें शिसें. जुन्या घरांच्या रंगांत शिसें असे. अमेरिकेंत तो रंग घरांसाठीं १९७८ सालीं बंद झाला. मोटारींच्या पेट्रोलांतही शिसें असे व तें धुरावाटें रस्त्याकडेच्या मातींत उतरलें. शिसें कुजत नाहीं कीं वाहून जात नाहीं. पडलें तेथें पिढ्यान् पिढ्या राहतें. म्हणून शहाणा माणूस बियाणें घेण्यापूर्वीं मातीचा नमुना तपासावयास धाडतो. दोष थोडा असेल तर भरपूर कुजलेलें खत घालून तो आटोक्यांत आणतात. जास्त असेल तर जमिनीवर कापड अंथरून, लांकडी चौकटी ठोकून त्यांत बाहेरून आणलेली माती भरतात व त्या उंच वाफ्यांतच पीक घेतात. टोमॅटोसारख्या फळांत शिसें फारसें चढत नाहीं. कंदमुळें व पालेभाज्या यांच्याबाबतींत मात्र जपावें लागतें, कारण त्यांना माती चिकटून येते. सर्वांत मोठें भय पिकाचें नसून धुळीचें आहे. मुलें मातींत खेळतात आणि तेच हात तोंडांत घालतात. म्हणूनच सारे रस्ते व मोकळे पट्टे लांकडाच्या भुशानें झांकलेले असतात. तो भुसा ढकलगाडीनें वाहणें हेंच माझें पहिल्या आठवड्याचें काम होतें.

दुसरी अडचण थंडीची. मेच्या मध्यापर्यंत दहिवर गोठतें आणि ऑक्टोबरांत पुन्हां तीच भीति. यावर उपाय म्हणून लोखंडी कमानींवर प्लास्टिकचें जाड कापड ताणून मांडव घालतात. शेगडी नाहीं कीं वीज नाहीं. सूर्याची ऊब आंत कोंडून ठेवावयाची एवढेंच. त्यांत हिवाळ्यांतही पालक जगतो.

अशाच एका मांडवांत माझ्या हातून मोठा प्रमाद घडला. गाजराचीं कोवळीं रोपें तण समजून मीं एक अख्खी ओळ उपटून टाकली. मळा सांभाळणाऱ्या बाई रागावल्या नाहींत. त्यांनीं बसून मला गाजराचें पान आणि तणाचें पान यांतील फरक दाखविला. त्यांत त्यांचा अर्धा तास गेला. त्या रात्रीं मीं हिशेब मांडला : मी दिवसाकाठीं किती काम करतों आणि मला शिकविण्यांत जाणत्या माणसाचा किती वेळ खर्ची पडतो? पहिले दहा दिवस तरी मळ्याला माझा तोटाच होता. समोरच्या घरांतील आजीबाईंनीं एकदां मला तीन प्रश्न विचारले : कोठून आलास, कोणीं बोलाविलें, किती दिवस राहणार? तिसऱ्याचें उत्तर ऐकून त्या गप्प बसल्या. पाहुण्यांच्या उत्साहावर उभा राहिलेला मळा पाहुणे गेल्यावर तणानें भरतो, हें त्यांनीं पाहिलेलें असावें. तेव्हांपासून मीं अशींच कामें मागून घेतलीं कीं ज्यांस शिकवावें लागत नाहीं : कांचा वेंचणें, खताचा ढीग उलथणें, भुसा वाहणें.

परंतु आजीबाईंच्या मौनामागें आणखी एक काळजी होती, आणि ती या विषयाचा गाभा आहे. जमीन कोणाची? वर्षानुवर्षें नांगरलेल्या पुष्कळ जागा कसणाराच्या नांवावर नाहींत. ओस भूखंड सांभाळण्यासाठीं २००८ सालीं सरकारी भूमि-पेढी निघाली. घराला लागून असलेली मोकळी जागा ती शेजाऱ्याला अवघ्या शंभर डॉलरांत देते. हें चांगलेंच, पण ज्याचें घर शेजारीं नाहीं, त्याला ही वाट मोकळी नाहीं. उलट डिसेंबर २०१२ मध्यें नगरसभेनें पांच विरुद्ध चार मतांनीं सुमारें पंधराशें भूखंड जॉन हँट्झ या धनिकाच्या कंपनीला झाडें लावण्यासाठीं विकण्यास मंजुरी दिली. सभेंत पुष्कळ नागरिकांनीं विरोध केला. एका धनिकाला एका ठरावांत इतकी जमीन मिळते, आणि दहा वर्षें कोबी पिकविणाऱ्या बाईला एक तुकडा मिळत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. मला तें बिनतोड वाटतें. २०१३ सालीं शहरानें शेतीला कायद्यांत जागा दिली : एक एकरापर्यंत ‘बाग’, त्याहून मोठें तें ‘शेत’. पण कायद्यानें शेती करण्याची मुभा मिळते, मालकी मिळत नाहीं. म्हणून २०२० सालीं कांहीं मळेवाल्या संस्थांनीं एकत्र येऊन काळ्या शेतकऱ्यांना जमीन विकत घेण्यासाठीं निधि उभारला.

घाई करण्यास कारणही आहे. सरकारी अंदाजाप्रमाणें २०२३ सालीं डेट्रॉइटची लोकसंख्या १९५७ नंतर प्रथमच किंचित् वाढली. माणसें परत येऊं लागलीं कीं जमिनीला भाव येतो, आणि जी जागा कोणालाच नको होती तिच्याकडे सर्वांचे डोळे लागतात. गिरणगांवची गोष्ट तेथें उशिरा घडेल काय, हा प्रश्न मला तेथें वारंवार पडे.

निघण्याच्या आदल्या दिवशीं आम्हीं लसूण लावला. तेथें लसूण ऑक्टोबरांत लावतात. पाकळ्या टोंक वर करून मातींत खोंचावयाच्या, वर पेंढा पसरावयाचा. बर्फाखालीं तो चार महिने निजून राहतो आणि जुलैंत काढणीस येतो. त्या वाफ्यांची जागा अजून मळ्याच्या नांवावर झालेली नव्हती. अर्ज पेढींत पडून होता. तरीही आजीबाई काठी टेकीत आल्या, वाफ्याच्या कडेला बसल्या आणि मीं उलट्या खोंचलेल्या पाकळ्या एकेक काढून सरळ लावूं लागल्या.