कोकण किनाऱ्यावरील कॅराव्हॅन प्रवासाचे नियोजन : पाण्याच्या अंगाने एक विचार

प्रस्तावना

कॅराव्हॅन म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची व स्वच्छतागृहाची सोय असलेले मोटारवाहन होय. अमेरिकेत आणि युरोपात अशा वाहनातून समुद्रकाठाने आठवडेच्या आठवडे सावकाश प्रवास करण्याची प्रथा जुनी आहे. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. त्याच वर्षी केरळनेही असे धोरण आणले. त्यामुळे आपल्याकडे या विषयाची चर्चा सुरू झाली आहे. रेवसपासून रेडीपर्यंत जाणाऱ्या सागरी मार्गाचा विचार या संदर्भात साहजिकच प्रथम होतो. हा मार्ग सुमारे 540 किलोमीटर लांबीचा मानला जातो. त्याची कल्पना 1980 नंतरच्या काळात पुढे आली. पुढील चार दशकांत तो तुकड्यातुकड्यांनी वापरात येत गेला.

प्रवासाची आखणी करताना सामान्यतः अंतर, मुक्काम आणि प्रेक्षणीय स्थळे एवढ्या गोष्टींचा विचार केला जातो. कोकणातील कॅराव्हॅन प्रवासाला ही रीत अपुरी पडते. येथे वेळापत्रक ठरते ते पाण्यावरून : खाडीतील भरती-ओहोटीचे पाणी, टाकीत भरावयाचे गोडे पाणी आणि वाहनातून बाहेर पडणारे सांडपाणी. यांपैकी तिसऱ्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि त्याची किंमत प्रवाशाला नव्हे, तर किनाऱ्यावरील वाडीला मोजावी लागते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने आखणीचा विचार केला आहे.

वाहन आणि रस्ता

कोकणातील किनारी गावे वाडीवस्तीची आहेत. नारळी-पोफळीच्या बागांमधून जांभ्याच्या गडग्यांना घासून जाणारा रस्ता, डोक्यावर फणसाच्या फांद्या आणि विजेच्या तारा, आणि समोरून येणारी एसटी, असे दृश्य दिवेआगर, केळशी, आंजर्ले, मुरूड, गुहागर अशा कोणत्याही गावी दिसते. अमेरिकन पद्धतीचे दहा-बारा मीटर लांबीचे वाहन येथे निरुपयोगी ठरते. टेम्पो ट्रॅव्हलरच्या आकाराचे, सहा मीटरच्या आसपास लांबीचे वाहन ही व्यवहारातील मर्यादा समजावी. एकूण वजन 7,500 किलोपर्यंत असलेले वाहन हलके मोटारवाहन या वर्गात मोडते. भाड्याने घेतलेल्या कॅराव्हॅनबरोबर बहुधा चालक येतो. अशा वेळी चालकाच्या झोपण्याची व्यवस्थाही आखणीत धरली पाहिजे, ही गोष्ट आश्चर्यकारक वाटावी इतक्या वेळा विसरली जाते.

किनारी रस्त्यावर ताशी 25 ते 30 किलोमीटरपेक्षा अधिक सरासरी वेग धरू नये. दिवसाला 50 किलोमीटर म्हणजे दोन तासांचा प्रवास. या हिशेबाने मांडवा ते रेडी या टप्प्यास दहा-अकरा दिवस लागतात आणि दोन दिवस विसाव्याचे धरल्यास पंधरवडा भरत येतो. ज्यांच्याजवळ चारच दिवस आहेत त्यांनी अर्धा किनारा निवडावा. चार दिवसांत सगळा किनारा करण्यासाठी कॅराव्हॅनची गरजच नाही, साधी मोटार पुरते.

खाडी आणि तिथी

सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांनी हा किनारा ठिकठिकाणी कापला आहे. रेवदंड्याची कुंडलिका, बाणकोटची सावित्री, दाभोळची वाशिष्ठी, जयगडची शास्त्री, भाट्याची काजळी, जैतापूरची अर्जुना, विजयदुर्गची वाघोटण अशी ही मालिका तेरेखोलपर्यंत जाते. रेवदंडा, भाट्ये, जैतापूर अशा खाड्यांवर पूल आहेत. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या चार ठिकाणी मात्र वाहने नेणारी फेरीबोट हा किनारी प्रवाशाचा परिचित मार्ग आहे. सागरी महामार्गाच्या योजनेत या खाड्यांवर पूल प्रस्तावित आहेत. ते उभे राहतील तेव्हा प्रवासाचे हे अंग बदलेल. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने काही मिनिटांत जाता येते. तोच प्रवास चिपळूणमार्गे केल्यास शंभर किलोमीटरच्या घरातील वळसा पडतो. फेरी चुकली तर अर्धा दिवस जातो, याचे कारण हे आहे.

कॅराव्हॅनच्या बाबतीत फेरीची अडचण वेगळी आहे. या वाहनाच्या मागील चाकांच्या पलीकडे बराच भाग लोंबता असतो आणि बहुधा त्याच भागाखाली पाण्याची वा मैल्याची टाकी बसवलेली असते. भरतीच्या वेळी बोट धक्क्याच्या उतारावर वरच्या अंगाला लागते आणि चढ सौम्य राहतो. ओहोटीला ती खाली लागते. उताराचा खालचा भाग शेवाळ आणि गाळ यांमुळे निसरडा असतो, आणि धक्का व बोटीची फळी यांच्या सांध्यावर वाहनाचा मागचा भाग टेकण्याची शक्यता वाढते. वाळूचे दांडे वर आले की बोट खोळंबतेही. म्हणून लांब वाहनाने पूर्ण ओहोटीच्या दोन्ही बाजूंचा तास-दीड तास टाळणे इष्ट असते.

ही वेळ काढण्यासाठी भरती-ओहोटीची छापील कोष्टके उपलब्ध आहेत. परंतु किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला ठोकताळा आखणीसाठी अधिक सोयीचा आहे : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की मुंबईकडील पूर्ण भरतीची स्थूल वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराचा सुमार. त्यामागील कारण सोपे आहे. चंद्र दररोज सरासरी 50 मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि भरती त्याच्यामागून सरकते. पाऊण तास ही त्याचीच गोळाबेरीज होय. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी येते. दक्षिणेकडे रत्नागिरी, मालवण येथे भरती मुंबईच्या काहीशी आधी येते, तेवढी दुरुस्ती करावी लागते. भरतीची उंचीही दक्षिणेकडे कमी होत जाते. मुंबईत उधाणाच्या दिवसांत ती साडेचार मीटरच्या वर जाते, तर गोव्याकडे सव्वादोन मीटरच्या आसपास राहते. त्यामुळे आगरदांडा आणि बागमांडला येथे जी सावधगिरी आवश्यक असते, तिची तीव्रता जयगडपर्यंत येता येता ओसरते.

उधाण आणि भांग हा भेद येथे कामी येतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या सुमारास भांग असते आणि पाण्याची चढउतार मवाळ राहते. उत्तरेकडील दोन फेऱ्या अष्टमीच्या मागेपुढे येतील अशा बेताने प्रवासास निघावे. पौर्णिमेचे चांदणे समुद्रकाठी पाहावयाचे असल्यास ते पुढील आठवड्यात, रत्नागिरीच्या दक्षिणेस सहज साधते.

पुळणीवर वाहन उतरवणे हा वेगळा आणि दुर्दैवाने लोकप्रिय प्रकार आहे. ओहोटीच्या वेळी ओली वाळू टणक भासते. चार टनांचे वाहन तीत थांबले की चाकाभोवतीचे पाणी निघून जाते, वाळू बसते आणि भरती येईपर्यंत वाहन निघत नाही. समुद्रातून वाहन ओढून काढण्याची बातमी दर सुट्टीच्या हंगामात वाचावयास मिळते.

गोडे पाणी व सांडपाणी

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तरीही एप्रिल-मे महिन्यांत अनेक वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात. जांभा हा सच्छिद्र खडक आहे. पडलेले पाणी तो धरून ठेवत नाही. ते झिरपून खाली जाते आणि झऱ्यांवाटे समुद्राला मिळते. किनाऱ्यालगत विहिरीचा उपसा वाढला की खारे पाणी आत सरकते. या पार्श्वभूमीवर कॅराव्हॅनच्या टाकीचा हिशेब मांडून पाहावा. आंघोळ, भांडी आणि स्वच्छतागृह धरून माणशी 25 लिटर हा काटकसरीचा वापर होय. चार माणसांना 100 लिटर लागतात, म्हणजे मध्यम आकाराची टाकी रोज भरावी लागते. मे महिन्यात, टँकरची वाट पाहणाऱ्या वाडीतील नळावर हे पाणी मागणे प्रशस्त दिसत नाही.

जितके पाणी टाकीत भरले जाते, तितकेच वापरून बाहेर पडते. परदेशातील कॅराव्हॅन तळांवर मैला रिकामा करण्यासाठी सांडपाणी वाहिनीला जोडलेली स्वतंत्र जागा असते. कोकणच्या किनारी गावांत भूमिगत गटार योजना जवळपास नाहीत. घरोघरी शोषखड्डे वा मैलाटाक्या आहेत. धोरणाच्या चर्चेत कॅराव्हॅनचा एक गुण नेहमी सांगितला जातो : जेथे कायमस्वरूपी बांधकाम करता येत नाही, तेथेही ती उभी राहू शकते. हा गुण खरा आहे. परंतु जेथे बांधकाम नाही तेथे मैलाटाकीही नाही, हे त्याच वाक्याचे दुसरे अंग होय. सुरूच्या बनात किंवा सड्यावर रात्रीच्या अंधारात टाकी मोकळी केली, तर जांभ्याच्या ज्या छिद्रांतून पावसाचे पाणी विहिरीत उतरते, त्याच वाटेने मैलाही उतरतो. प्रवासी दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी गेलेला असतो; विहीर तेथेच असते.

यावर उपाय अवघड नाही. तो आधी योजावा मात्र लागतो. सुट्या काढता येणाऱ्या मैलापेटीची क्षमता साधारणतः 20 लिटरच्या आत असते आणि चार माणसांत ती एक-दोन दिवसांत भरते. म्हणून दर दुसरा मुक्काम मैलाटाकी असलेल्या निवासी जागेच्या आवारात ठेवावा आणि पेटी तेथील शौचालयात रिकामी करण्याची परवानगी मोबदल्यासह आधीच ठरवून घ्यावी. हरिहरेश्वर, वेळणेश्वर, गणपतीपुळे आणि तारकर्ली येथे पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थाने आहेत. मधल्या टप्प्यांत, विशेषतः गणपतीपुळे ते तारकर्ली या लांब पट्ट्यात, घरगुती निवासव्यवस्थांवर भिस्त ठेवावी लागते. मैलापेटीत वापरावयाचे रसायन निवडताना एक काळजी घेणे आवश्यक आहे. फॉर्मल्डिहाइडयुक्त द्रव्ये दुर्गंध मारतात, पण त्याबरोबर मैलाटाकीतील मैला कुजविणारे जिवाणूही मारतात. यजमानाची टाकी तुंबली तर त्या गावात पुढच्या कॅराव्हॅनला थारा मिळणार नाही.

स्वयंपाकाबाबत एवढेच म्हणता येईल की वाहनातील शेगडी चहापुरती ठेवावी. भांडी कमी निघतात, पाणी वाचते आणि खानावळीतील सोलकढी व मासे चुकत नाहीत. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. वाहनाच्या तळाशी वायुवीजनाची झडप उघडी आहे याची खात्री रोज करावी. विजेचेही गणित असेच रोखठोक आहे. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीत सव्वा युनिटच्या आत ऊर्जा मावते. दीड किलोवॉटचा वातानुकूलक त्यावर तासभरही चालत नाही. मोकळ्या जागी रात्रभर थंडावा हवा असल्यास तो ऋतूकडूनच मिळवावा लागतो.

ऋतू

जून ते ऑगस्ट या काळात समुद्र खवळलेला असतो. जंजिरा, सिंधुदुर्ग येथील प्रवासी होड्या बंद असतात. निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 रोजी याच किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, दिवेआगरच्या बागा त्यात आडव्या झाल्या, हे लक्षात घेता मेअखेरचा काळही निर्धोक म्हणता येत नाही. मे महिन्याची सुट्टी ही सर्वांच्या सवयीची खरी, पण विहिरी आटलेल्या, हवा दमट आणि रस्ते गर्दीचे अशी ती त्रिविध गैरसोय असते. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा नोव्हेंबर त्या मानाने उजवा. विहिरी भरलेल्या असतात, सडे अजून हिरवट असतात आणि समुद्र निवलेला असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ झोपेसाठी उत्तम. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहावयाची असतील, तर मार्च गाठावा लागतो. मात्र त्याच सुमारास शिमगा येतो आणि पालखी रस्त्यावर असताना वाहन बाजूला घेऊन थांबणे हाच तेथील नियम होय.

मुक्कामांची निवड

जुलै 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार या मार्गावर आहेत. त्यांच्या पायथ्याची गावे लहान आहेत आणि वाहनतळ त्याहून लहान. हर्णै येथे संध्याकाळी मासळीचा लिलाव भरतो. त्या वेळी बंदराकडे कॅराव्हॅन नेणे म्हणजे मासळीच्या टेम्पोंची वाट अडविणे होय. वाहन मुरूडला ठेवून रिक्षाने जावे. मालवणातही बाजारपेठेबाहेर थांबणे सोयीचे.

रत्नागिरी, राजापूर आणि देवगड तालुक्यांतील सडे मुक्कामासाठी मोहात पाडतात. सपाट, मोकळे, वाऱ्याचे आणि सूर्यास्ताचे. परंतु याच सड्यांवर कातळशिल्पे कोरलेली आहेत. 2022 मध्ये त्यांचा जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. अनेक शिल्पे मातीखाली अर्धवट झाकलेली असून त्यांना कुंपण नाही. खोदकाम उथळ असल्याने वाहनाच्या चाकाखाली त्यांच्या रेषा झिजतात, आणि चालकाला ते कळतही नाही. सड्यावर वाहन डांबरी रस्त्याच्या कडेलाच उभे करावे आणि उरलेले अंतर पायी जावे. मुक्कामासाठी खाली गावात उतरणे बरे. तेथे पाणी, मैलाटाकी आणि सकाळचे घावन या तिन्हींची सोय एकाच अंगणात होते.